हर्णैच्या खडपातला हिरवट खेकडा: ॲप म्हणतं 'कॉमन शोअर क्रॅब'. खरंच तोच आहे का?

खडपफेरी (प्रश्न)

हर्णैच्या खडपात पूर्ण सुकती असताना डोक्याएवढ्या दगडाखाली हा खेकडा मिळाला. तीन फोटो जोडले आहेत: पाठीचा, तोंडाकडून आणि पोटाचा. ओळखायच्या ॲपने पहिलंच नाव 'कॉमन शोअर क्रॅब', म्हणजे कार्सिनस मीनास, असं दिलं. माहिती वाचली तर हा युरोपचा खेकडा निघाला. तो कोकणात कसा, हा पहिला प्रश्न.

मोजमापं अशी. पाठीची रुंदी २६ मिलिमीटर, लांबी १८. रंग मळकट हिरवा, त्यावर तपकिरी डाग. पाठीचा पुढचा भाग पंख्यासारखा पसरट, मागे निमुळता. कडेला दाते आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यापासून मोजले तर एका बाजूला पाच भरतात, पण पहिला खरा दाता धरायचा की डोळ्याच्या खोबणीचा कोपरा, ते कळत नाही. उजवी नांगी डावीपेक्षा मोठी. दोन्ही नांग्यांची बोटं काळपट. पोटावरची पट्टी अरुंद, त्रिकोणी.

जागा: भरतीची वरची रेघ आणि ओहोटीची खालची रेघ यांच्या मधल्या पट्ट्यात, जरा खालच्या अंगाला. दगडाच्या बाजूंना कालवं चिकटलेली, खाली वाळू आणि खडी, त्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी.

दुसरा प्रश्न: जेटीच्या भिंतीवर, पाण्याच्या बऱ्याच वर, चौकोनी पाठीचे लहान खेकडे पळत होते. फोटो नीट आला नाही. ती याच खेकड्याची पिल्लं का?

---

किनारनोंद

मेटोपोग्रॅप्सस. कोकणच्या खडपात सगळ्यात जास्त दिसणारा खेकडा तोच. युरोपातला नाही हे नक्की.

---

दशपाद

युरोपातला नाही, इथपर्यंत किनारनोंद यांच्याशी सहमत. पण दगडाखालचा खेकडा मेटोपोग्रॅप्सस नाही. मेटोपोग्रॅप्सस जेटीवर आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

दगडाखालचा आहे लेप्टोडियस एक्झॅरेटस. झॅन्थिडी कुळातला. आपल्या खडपात दगड उलटवले की हाताला लागणाऱ्या खेकड्यांत याचा नंबर फार वरचा. जुन्या पुस्तकांत तो झॅन्थो एक्झॅरेटस या नावाने सापडेल. आफ्रिकेचा पूर्व किनारा, तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि आपला पश्चिम किनारा हा सगळा त्याचाच मुलूख, आणि पुढे पूर्वेकडेही तो पसरलेला आहे.

आता तुमच्या पाच दात्यांचं कोडं, कारण ॲप तिथेच फसलं असणार. डोळा ज्या खोबणीत आडवा झोपतो, त्या खोबणीच्या बाहेरच्या टोकाला एक कोपरा असतो. कार्सिनसचं वर्णन लिहिताना हा कोपरा धरून एका बाजूला पाच दाते मोजतात. लेप्टोडियसचं वर्णन लिहिताना कोपरा सोडून चार. म्हणजे कोपऱ्यासकट मोजलं तर दोन्हीकडे पाचच, आणि नुसत्या संख्येवर जाणारा माणूस हमखास चुकतो. संख्येपेक्षा दात्यांची ठेवण बघा. कार्सिनसचे पाचही दाते करवतीसारखे धारदार आणि टोकं पुढे झुकलेली. लेप्टोडियसमध्ये कोपऱ्यामागचा पहिला दाता बसका, कधीकधी नुसता उंचवटा वाटेल असा, आणि मागचे तीन ठसठशीत. तुमच्या पहिल्या फोटोत डाव्या कडेला हे स्वच्छ दिसतंय.

दुसरी खूण दोन डोळ्यांच्या मधे. कार्सिनसच्या कपाळावर तीन गोलसर उंचवटे असतात. लेप्टोडियसचं कपाळ मधोमध खाचेने दुभंगलेलं, दोन रुंद पाळ्यांचं. तुमचा समोरून काढलेला फोटो मोठा करून पाहा, खाच दिसेल.

तिसरी खूण माझ्या मते सगळ्यात भरवशाची: नांगीची बोटं. लेप्टोडियसची बोटं गडद तपकिरी ते काळी, आणि टोकं चमच्यासारखी खोलगट. दगडावरचं शेवाळ खरवडून खायला हे चमचे उपयोगी पडतात. कार्सिनसची बोटं टोकाला निमुळती, चिमट्यासारखी, आणि रंगाला बाकीच्या नांगीशी मिळतीजुळती. त्याचं खाणं वेगळं. तो शिंपले फोडतो, किडे-गोगलगायी पकडतो.

पाठही सांगते. लेप्टोडियसच्या पाठीच्या पुढच्या भागात खोल चर असतात, जणू छोट्या छोट्या टेकड्या पाडल्यात. मागचा भाग तुलनेने सपाट. कार्सिनसची पाठ एकूण गुळगुळीत, बारीक दाणेदार.

रंगावर जाऊ नका, हे मुद्दाम वेगळं सांगतो. लेप्टोडियस हिरवा, राखाडी, तपकिरी, पांढऱ्या डागांचा, नक्षीचा, कसाही मिळतो. एकाच दगडाखाली तीन रंगांचे तीन मिळाले तरी तीन जाती समजू नयेत. कार्सिनसचंही तेच, तो हिरव्यापासून विटकरी लालपर्यंत बदलतो. हिरवा रंग पाहून ॲपने हिरव्या खेकड्याचं नाव दिलं असेल, तर त्या पुराव्याला काही किंमत नाही.

---

दशपाद

वरच्या उत्तरात कार्सिनस इथे का नसतो ते राहिलं.

तो थंड आणि समशीतोष्ण पाण्याचा प्राणी. मूळ घर युरोपचा अटलांटिक किनारा आणि आफ्रिकेचा वायव्य कोपरा. जहाजांबरोबर तो जगभर पसरला हे खरं: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १८१७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत १९८३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात १९८९ मध्ये त्याची नोंद झाली, आणि ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात तो त्याच्याही आधीपासून आहे. ही सगळी नावं नकाशावर ठेवून पाहिली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. उष्ण कटिबंधातली एकही जागा नाही. प्रौढ खेकडा काही काळ गरम पाणी सोसतो, पण अंडी आणि अळ्या वाढायला गारवा लागतो. कोकणचं पाणी ऐन हिवाळ्यातही २४–२५ अंशांच्या आसपास असतं.

ॲपचा दोष इतकाच की त्याला शिकवलेल्या फोटोंत युरोपचे फोटो ढीगभर आणि आपले मूठभर असतात. पंख्यासारखी पाठ, कडेला दाते, हिरवट रंग, हे तीन जुळले की ते ओळखीचं नाव पुढे करतं. फोटो टाकताना ठिकाण भरलेलं आहे ना ते तपासा आणि 'जवळपास आढळणाऱ्या' जातींचीच यादी मागा. नाव कितीही खात्रीने आलं तरी त्या जातीचा पसरणीचा नकाशा उघडल्याशिवाय वहीत लिहू नका.

---

किनारनोंद

मान्य. मी फक्त पाठीचा फोटो पाहिला, काळी बोटं पाहिली नाहीत. मेटोपोग्रॅप्ससच्या कडेला असे चार दाते नसतातच. दगडाखालच्याचं उत्तर मागे घेतो.

---

दशपाद

जेटीवरच्यांबद्दल. ती लेप्टोडियसची पिल्लं नाहीत. खेकड्याचं पिल्लू दोन-तीन मिलिमीटरचं झालं की त्याला बऱ्यापैकी स्वतःच्या जातीचा आकार आलेला असतो, पंख्याचा चौकोन किंवा चौकोनाचा पंखा होत नाही. चौकोनी पाठ, उभ्या भिंतीवर सरसर तिरकी धाव, माणसाची सावली पडली की फटीत गडप, हे वर्णन मेटोपोग्रॅप्ससला चपखल बसतं. आपल्याकडे बहुतेक वेळा मेटोपोग्रॅप्सस मेसर.

त्याची पाठ समोर रुंद आणि मागे किंचित निमुळती, जवळजवळ पेटीसारखी. दोन डोळे पाठीच्या दोन टोकांना, आणि मधलं कपाळ पाठीच्या निम्म्याहून जास्त रुंदीचं. डोळ्याबाहेरचा कोपरा टोकदार, त्याच्या मागे कड सरळ आणि बिनदात्याची. राखाडी-हिरव्या रंगावर गडद नक्षी. नरांच्या नांग्यांवर बऱ्याचदा जांभळट झाक असते. पाठीची रुंदी साधारण दोन-तीन सेंटिमीटर. हा खडपात, जेटीवर, खाडीच्या धक्क्यावर, तिवरांच्या मुळांतही राहतो, म्हणून तो सगळीकडे दिसतो.

याच्याशी गल्लत होते ती ग्रॅप्सस अल्बोलिनिएटसची. तो आकाराने मोठा, पाठ पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि आकार चौकोनी नसून बराचसा गोल, चपटा. काळपट हिरव्या पाठीवर फिकट पांढऱ्या तिरक्या रेघा. पाय रुंद, पट्टीसारखे. डोळ्याच्या कोपऱ्यामागे कडेला आणखी एक दाता असतो, मेटोपोग्रॅप्सस मेसरला तो नसतो. जागाही वेगळी. जिथे लाटा थेट आपटतात त्या उघड्या कातळावर ग्रॅप्सस बसलेला असतो आणि लाट आली की खडकाला चपटा चिकटतो. जेटीच्या आतल्या शांत भिंतीवर तो सहसा नसतो.

---

जांभा_कातळ

जागेचा मुद्दा निघाला आहे म्हणून लिहितो. खडपात खेकडा कुठल्या पट्ट्यात मिळाला, एवढं नीट लिहिलं तरी निम्मी ओळख झालेली असते.

वरून खाली या. सगळ्यात वर, जिथे फक्त उधाणाचे शिंतोडे पोचतात, तिथे बारीक गोगलगायी आणि झुरळासारखे दिसणारे लिजिया. खेकड्यांपैकी तिथे मेटोपोग्रॅप्सस फेरफटका मारतो. त्याखाली बारनॅकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे बारीक कवचधारी प्राणी, आणि कालवांचा पट्टा. इथल्या फटी मेटोपोग्रॅप्ससच्या, आणि सुटे दगड सुरू झाले की त्यांच्याखाली लेप्टोडियस. आणखी खाली, जो भाग फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो, तिथे शेवाळाची गर्दी, स्पंज, आणि झोअँथिड या प्रवाळाच्या नात्यातल्या मऊ प्राण्यांच्या गाद्या. लेप्टोडियस तिथेही आहे, पण त्याच्या जोडीला पाण्यात पोहणाऱ्या जातीही दगडाखाली दडलेल्या मिळतात.

लेप्टोडियससाठी दगड कुठला उलटवायचा, याला थोडा अंदाज लागतो. वाळूत अर्धा रुतलेला दगड नको. त्याखाली पाणी खेळत नाही, वाळू काळी पडलेली असते आणि कुजका वास येतो. पूर्ण उचलून ठेवल्यासारखा डुगडुगणारा दगडही नको, कारण प्रत्येक लाटेबरोबर तो हलतो. खाली खडी, तिच्यात ओल, आणि दगडाच्या पोटाला पोकळी, असा दगड हवा. तुम्ही लिहिलेली जागा तंतोतंत तशीच आहे.

जांभा आणि काळा कातळ यांतही फरक पडतो. जांभ्याला जन्मतःच भोकं, त्यामुळे तिथे खेकडा दगडाखाली येण्याची वाट न बघता भोकातच राहतो आणि बाहेर काढता येत नाही. त्याला काड्या घालून काढायला जाऊ नका, पाय तुटतो एवढंच होतं. काळ्या कातळावर भोकं कमी, म्हणून सगळी वस्ती भेगांत आणि सुट्या दगडांखाली. मोजणी करायची असेल तर दोन्ही प्रकारच्या खडपांचे आकडे एकत्र करू नयेत.

दगड उलटवण्याची रीत: पलीकडची कड धरून आपल्या बाजूला उचला, म्हणजे खालून जे पळेल ते आपल्यापासून दूर पळेल. हातमोजे घाला, कालवाची कड ब्लेडसारखी कापते. बघून झालं की आधी प्राण्यांना बाजूला होऊ द्या, मग दगड होता तसाच, त्याच खळग्यात, तीच बाजू वर ठेवून बसवा. उलटा ठेवला तर वरचं शेवाळ अंधारात मरतं आणि पोटाचे स्पंज उन्हात वाळतात. एक दगड उलटा राहिला तर त्याच्यावरची वस्ती परत भरायला बरेच महिने जातात, आणि तोपर्यंत तो खेकड्यालाही निकामी.

---

जांभा_कातळ

वेळेबद्दलही सांगतो, कारण बरेच जण भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या दिवशी जातात आणि खालचा पट्टा उघडा पडलाच नाही म्हणून परत येतात.

अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरा. त्या दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, त्या दिवसांत खालचा पट्टा विसरा. तिथीवरून वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता भरती. तिथून सव्वासहा तास मोजले की ओहोटी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ पावणेआठच्या सुमारास. हा ढोबळ अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहायचाच. तक्त्यात ओहोटीची उंची ०.५ मीटर किंवा त्याहून कमी असेल तो दिवस चांगला. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, वेंगुर्ल्याकडे तो दोन मीटरच्या आसपास. म्हणून दक्षिणेकडे उघडा पडणारा पट्टा अरुंद असतो आणि दिवस नीट निवडावा लागतो.

ओहोटीच्या दीड तास आधी पोचायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर खाली जायचं. पाणी फिरलं की वर यायला लागायचं. पहिल्या तासात ते फारसं चढत नाही आणि माणूस निर्धास्त होतो, पण निम्मी भरती तिसऱ्या आणि चौथ्या तासातच येते, आणि तोवर मागच्या सखल भागात पाणी शिरून परतीची वाट तुटलेली असते. पावसाळ्यात खडपात उतरू नये. शेवाळावर पाय ठरत नाही आणि लाटेचा नेम नसतो.

---

तिवरांची_सावली

लेप्टोडियस खाण्यात येतो का? आकाराने लहान आहे, पण रस्सा करण्याइतके सहज गोळा होतात म्हणून विचारलं.

---

दशपाद

खाऊ नये. हे उत्तर स्पष्ट द्यायला हवं.

झॅन्थिडी कुळात काही जाती अत्यंत विषारी आहेत. झोसिमस एनियस आणि अॅटरगॅटिस फ्लोरिडस ही त्यातली कुप्रसिद्ध नावं, आणि त्या खाऊन माणसं दगावलेली आहेत. त्यांच्या अंगात सॅक्सिटॉक्सिन आणि टेट्रोडोटॉक्सिन सापडतं. हे विष शिजवून जात नाही, उकळून जात नाही, पाणी फेकून दिलं तरी मांसात उरतं. त्यावर उतारा नाही. ओठ आणि जिभेला मुंग्या, मग हातापायांना बधिरता, मग श्वासाचे स्नायू बंद पडणं, असा क्रम असतो. चुकून कुणी खाल्लंच आणि मुंग्या सुरू झाल्या तर घरगुती उपायात वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठायचं, कारण श्वास यंत्राने चालू ठेवला तर माणूस वाचू शकतो.

विषाचं प्रमाण एकाच जातीत जागेप्रमाणे आणि खेकड्याप्रमाणे बदलतं. 'आम्ही खाल्लाय, काही झालं नाही' हा पुरावा म्हणूनच चालत नाही. काळ्या बोटांचा, पसरट पाठीचा, खडपातला खेकडा टोपात टाकायचा नाही, एवढा साधा नियम पाळावा. मुलांनी डबक्यात धरलेले खेकडे घरी आणले तरी हाच नियम. बाजारात येणाऱ्या कुर्ल्या-चिंबोऱ्या वेगळ्या कुळातल्या. त्यांच्या शेवटच्या पायाचं टोक वल्ह्यासारखं चपटं असतं, आणि तो फरक लहान मुलालाही दाखवता येतो.

---

खडपफेरी

सगळ्यांचे आभार. फोटो मोठा करून पाहिला, कपाळावरची खाच आहे, आणि पहिला दाता बसकाच आहे. बोटांची टोकं मात्र फोटोत धूसर आली आहेत. पुढच्या वेळी ओळख पटेल असे फोटो कसे घ्यावेत? आणि दोन गोष्टी. याच दगडाखाली एक अगदी चपटा, लांब मिशांचा खेकडा होता, हात लावताच त्याने नांगी टाकून दिली. शेजारी एक पूर्ण रिकामं कवच पडलं होतं, पाय-नांग्यांसकट. तो मेलेला होता का?

---

किनारनोंद

चपटा आणि लांब मिशांचा म्हणजे पोर्सेलिन क्रॅब, पेट्रोलिस्थेस. तो खऱ्या खेकड्यांत मोडत नाही, शंखातल्या खेकड्यांच्या जवळचा नातलग आहे. पाय मोजा: नांग्या सोडून चालायच्या पायांच्या तीनच जोड्या दिसतील. खऱ्या खेकड्याला चार. पोर्सेलिन क्रॅबची चौथी जोडी बारीक होऊन पाठीमागे दुमडलेली असते. तोंडाजवळच्या केसाळ पंख्यांनी तो पाण्यातले कण गाळून खातो. नांगी टाकणं हा त्याचा बचाव. तो कितीही मोहक दिसला तरी हातात घेऊ नका, दगडावरच बघा.

रिकामं कवच बहुतेक कात. उचलून पाठीमागची कड बघा. कात असेल तर पाठ आणि पोट यांच्यामधली मागची शिवण उघडलेली असते, आत काही नसतं, डोळे पारदर्शक, आणि वास येत नाही. मेलेल्या खेकड्यात आत मांस किंवा निदान कल्ल्यांचा लगदा उरतो आणि वास येतोच. ताजी कात ओळखीसाठी फार उपयोगाची, कारण तिच्यावर दाते, कपाळ, बोटं सगळं जसंच्या तसं असतं आणि कुणालाही त्रास न देता ती बघता येते. कात मिळाली तर जवळच कुठेतरी मऊ अंगाचा खेकडा लपलेला असतो. त्या आसपासचे दगड त्या दिवशी हलवू नयेत.

---

दशपाद

फोटोंबद्दल. पाच हवेत: पाठ सरळ वरून, चेहरा समोरून, पोट, मोठ्या नांगीची बोटं जवळून, आणि शेवटचा पाय. पाच न जमले तर पाठ, चेहरा आणि बोटं हे तीन सोडू नका. पाठीचा फोटो तिरका घेतला की दाते एकमेकांवर चढलेले दिसतात आणि मोजणी चुकते. फ्रेममध्ये मोजपट्टी ठेवा, नाणं ठेवलं तरी चालतं.

पसरट पांढऱ्या ट्रेमध्ये तळ जेमतेम झाकेल एवढं समुद्राचंच पाणी घ्या आणि खेकडा त्यात ठेवा. पाठ ओली पण पाण्याबाहेर राहिली पाहिजे, नाहीतर पाण्याच्या चकाकीत चर दिसत नाहीत. ट्रेवर स्वतःची सावली पाडा, थेट ऊन नको. नळाचं किंवा बाटलीतलं पाणी घालू नका, गोड्या पाण्यात तो ताणाखाली येतो. पाच मिनिटांच्या आत काम आटपून त्याच दगडाजवळ सोडा. दगड आधी जागेवर बसवायचा आणि खेकडा कडेला सोडायचा, तो स्वतः आत जातो. खेकडा आत ठेवून वर दगड टेकवला तर चिरडतो, ही चूक फार होते.

धरताना अंगठा आणि तर्जनी पाठीच्या मागच्या दोन कडांवर ठेवा. नांग्या तिथवर मागे वळत नाहीत. पायाला किंवा नांगीला धरून कधीही उचलू नका. खेकडा तो अवयव मुळाशी ठरलेल्या सांध्यातून सोडून देतो. पुढच्या कातींबरोबर तो परत येतो खरा, पण आधी लहान येतो आणि पूर्ण मापाला यायला कातीमागून काती जाव्या लागतात. तोवर खाणं आणि भांडण दोन्हीत तो मागे पडतो. एक नांगी फारच बारीक दिसली तर ती परत उगवलेली असू शकते, म्हणून नांग्यांच्या मापातल्या फरकावर जात ठरवू नये.

तुमचा खेकडा नर आहे, अरुंद त्रिकोणी पोटपट्टीवरून. मादीची पट्टी रुंद, गोलसर, आणि अंडी असली तर तिच्याखाली गुच्छ दिसतो. अशी मादी मिळाली तर ट्रेमध्येही घेऊ नका, दगड लगेच बसवा.

---

जांभा_कातळ

एक राहिलं. मालवणला जाणार असाल तर तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथून प्राणी गोळा करता येत नाहीत. प्रवाळ तर कुठल्याच किनाऱ्यावरून तोडायचं किंवा उचलायचं नाही, ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. आणि खालच्या पट्ट्यातल्या झोअँथिडच्या मऊ गाद्यांवर उघडी जखम टेकवू नका. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.

---

खडपफेरी

समजलं. मग वहीत 'लेप्टोडियस एक्झॅरेटस, नर, २६ मिमी' असं लिहू का?

---

दशपाद

फोटोंवरून मी तेच लिहीन. पण लेप्टोडियसमध्ये जवळच्या जाती आहेत, आणि त्यांच्यात पक्का निवाडा नराच्या पोटपट्टीखालच्या पहिल्या जननपादाचं (मीलनासाठी बदललेल्या पायाचं) टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. जिवंत खेकड्यावर ते करायचं नसतं. म्हणून नोंदीत जातीच्या नावापुढे 'फोटोवरून' असा शेरा टाका. सोबत तारीख, तिथी, ओहोटीची वेळ आणि उंची, पट्टा, दगडाचं माप आणि खाली काय होतं ते लिहा. मेटोपोग्रॅप्ससची नोंद वेगळ्या ओळीत ठेवा, आणि फोटो नीट येईपर्यंत ती फक्त 'मेटोपोग्रॅप्सस, जात अनिश्चित' एवढीच.